खुर्ची रिकामी आहे, विचारले कोणाला?

गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळी सात-साडेसातला गावातल्या एका जुन्या वाचनालयाचे ग्रंथपाल माझ्या ओट्यावर येऊन बसले. चहा झाला, पावसाची चौकशी झाली, बुराईला पाणी आले की नाही हेही झाले, आणि मग त्यांनी खिशातून घडी घातलेला एक चेक काढला. त्यांच्याच पगाराचा. बँकेने परत केलेला.

"साहेब, तुम्ही बँकेत होते. काहीतरी करा ना."

मी चष्मा लावून चेक उलटसुलट पाहिला. त्यावर दोन सह्या होत्या. एक कोषाध्यक्षांची, एक अध्यक्षांची. तारीख चालू आठवड्यातली होती आणि अध्यक्ष जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. बिचाऱ्यांनी आजारपणात अख्ख्या चेकबुकावर सह्या करून ठेवल्या होत्या. आमच्याकडे याला दूरदृष्टी म्हणतात. दुर्दैव एवढेच, की त्यांच्या श्रद्धांजलीचा मोठा फलक नेमका बँकेच्या दारासमोर लागला होता, आणि बँकेतली पोरे हल्ली निदान फलक तरी वाचतात. बँकेचे काहीच चुकले नव्हते. मी त्या खुर्चीत असतो तर मीही तेच केले असते, वर चार शब्दही सुनावले असते.

पण ग्रंथपालांचा पगार अडला होता, वीजबिल अडले होते, आणि वाचनालयाच्या माडीवर जी अभ्यासिका आहे तिथे रात्री दहा-अकरापर्यंत पोलीस भरतीची आणि स्पर्धा परीक्षांची पोरे बसतात, त्यांच्या डोक्यावरचे पंखे बंद पडायची वेळ आली होती. त्यातली निम्मी पोरे आसपासच्या खेड्यांतून सायकलीने येतात. घरी बसून वाचायला त्यांना जागा नाही. म्हणून मी पायात चपला घातल्या.

संस्थेचे दप्तर पाहिले. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत, म्हणजे ज्याला सगळे परिशिष्ट-एक म्हणतात त्यात, सात विश्वस्तांची नावे. त्यातल्या तिघांचे फोटो वाचनालयाच्याच भिंतीवर हार घालून टांगलेले. चौथे, म्हणजे कोषाध्यक्ष, मुलाकडे सुरतेला. चेकवर सही आणायची तर शिंदखेड्याहून सुरतेच्या गाडीत बसायचे. पाचव्यांचे गुडघे गेलेले, जिना चढवत नाही आणि सभा माडीवर. उरले दोघे. एक सचिव, ज्यांना सगळा गाव तात्या म्हणतो, आणि एक असे सज्जन गृहस्थ जे प्रत्येक सभेला येतात, चहा घेतात आणि कशालाच विरोध करीत नाहीत.

गणपूर्ती? तिची सोय आपल्या सगळ्याच संस्थांनी करून ठेवली आहे. सभेच्या नोटिशीतच छापलेले असते की गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल आणि त्या सभेस गणपूर्तीची अट राहणार नाही. त्या अर्ध्या तासावर महाराष्ट्रातल्या किती संस्था जगत असतील, देव जाणे.

आता कायदा काय म्हणतो? १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, पूर्वी 'मुंबई' होता, आता 'महाराष्ट्र' झाला. त्याच्या बाविसाव्या कलमाप्रमाणे विश्वस्तांत बदल झाला की नव्वद दिवसांत कळवावे लागते. हाच तो बदल अर्ज, चेंज रिपोर्ट. सोबत सभेची नोटीस, इतिवृत्ताची नक्कल, गेलेल्याचा मृत्युदाखला किंवा राजीनामा, नव्या माणसाचे संमतिपत्र, प्रतिज्ञापत्र. कागद फार नाहीत. पण आमच्या वाचनालयात मागच्या दोन निवडींचे अर्ज धुळ्याला गेलेच नव्हते. त्यामुळे सरकारदरबारी स्वर्गवासी मंडळीच कारभार पाहत होती, आणि त्यांच्यानंतरच्यांची नोंद व्हायची तर आधी मागचे अर्ज एकापाठोपाठ एक निकाली निघायला हवेत. एक डबा रुळावरून घसरला की मागचे सगळे डबे उभे.

हे सगळे वकिलाकडून होईल, त्याची मला चिंता नव्हती. माझी गाडी अडली ती तात्यांच्या एका वाक्यावर.

"अर्ज करू हो, पण नावं कोणाची टाकायची? माणसंच मिळत नाहीत आता."

हे वाक्य मी गेली पाच-सहा वर्षे ऐकतो आहे. भजनी मंडळापासून पतपेढीपर्यंत. नवी पिढी पुढे येत नाही, कोणाला वेळ नाही, सगळ्यांना मोबाइल पाहिजे. मी बँकवाला असल्याने वाक्यावर समाधान मानायची सवय नाही. म्हटले, "तात्या, तुम्ही विचारलं कोणाकोणाला?"

तात्यांनी चार नावे सांगितली. मी खोदून खोदून चौकशी केली तेव्हा कळले ते असे. पहिल्याला एका लग्नात पंगतीत वाढपी जिलेबी घेऊन आला असताना विचारले होते, तो म्हणाला, "पाहू." दुसऱ्याला त्याच्या मुलाकरवी निरोप दिला होता, निरोप पोचला की नाही ठाऊक नाही. तिसरा म्हणाला होता, "माले नही जमाव," पण ते चार वर्षांपूर्वी, तेव्हा त्याची आई अंथरुणावर होती. आणि चौथ्याला?

"त्याला विचारल्यासारखंच आहे," तात्या म्हणाले. "तो नाहीच म्हणणार."

मी हसलो खरा, पण रात्री झोप लागेना. कारण हेच तात्या गेली बावीस वर्षे एक पै न घेता वाचनालय सांभाळत आले आहेत. हिशेब चोख, पुस्तके जागच्या जागी. कोणाला कधी विचारले, कोण काय म्हणाले, कोणाचा मुलगा वकील झाला, कोण निवृत्त होऊन गावी परतले, हे सगळे त्यांच्या डोक्यात. डोक्यात म्हणजे कुठेच नाही. उद्या तात्याही भिंतीवर गेले, तर त्यांच्याबरोबर संस्थेची सगळी ओळखपाळख जाणार.

माझी एक भाची पुण्यात एका सामाजिक संस्थेत काम करते. तिला फोनवर ही कर्मकहाणी सांगितली. ती म्हणाली, "मामा, आमच्याकडे याचं सॉफ्टवेअर आहे." मला वाटले थट्टा करते आहे. विश्वस्त शोधण्याचे सॉफ्टवेअर? पण तसे खरेच असते.

मूळ वस्तू विक्रेत्यांची. गिऱ्हाईक कोण, त्याला पहिल्यांदा कोण भेटले, तो काय म्हणाला, पुन्हा कधी जायचे, सौदा कुठपर्यंत आला, याची नोंद ठेवणारी संगणकातली वही. तिला सीआरएम म्हणतात, म्हणजे संबंधांची व्यवस्था. अमेरिकेत १९९९ साली निघालेली सेल्सफोर्स ही कंपनी यातच मोठी झाली. मग तिथल्या सेवाभावी संस्थांच्या लक्षात आले की आपल्यालाही देणगीदार सांभाळायचे असतात, स्वयंसेवक सांभाळायचे असतात. २००५ पासून सिव्हीसीआरएम नावाची फुकट मिळणारी, कोणीही वापरावी अशी एक व्यवस्थाही आली, ती खास अशा संस्थांसाठीच. आणि देणगीदाराला जसे पायरी-पायरीने जवळ आणतात तसेच भावी विश्वस्तालाही आणता येते, हे पुढे ओघानेच आले. नाव कोणी सुचवले, पहिली भेट कधी, एखाद्या लहान कामात बोलावून पाहिले का, मंडळासमोर नाव गेले का, होकार की नकार, नकार असेल तर कारण काय आणि पुन्हा कधी विचारायचे, मुदत कधी संपते. प्रत्येक पायरीला तारीख. तारीख उलटली की यंत्र आठवण करते.

तिकडे हा विषय किती गांभीर्याने घेतात पाहा. वॉशिंग्टनला १९८८ पासून एक संस्था आहे, हल्ली तिचे नाव बोर्डसोर्स. तिचे कामच मुळी सेवाभावी संस्थांच्या मंडळांना शहाणे करणे. आपल्याकडेही कंपन्यांच्या स्वतंत्र संचालकांसाठी सरकारने डिसेंबर २०१९ मध्ये नावांची पेढी उघडली. सहकारी बँकेच्या संचालकाने सलग किती वर्षे बसावे यालाही २०२० च्या दुरुस्तीने आठ वर्षांची मर्यादा आली आणि २०२५ मध्ये ती दहा झाली. फक्त वाचनालये, वसतिगृहे, व्यायामशाळा यांनाच वाटते की माणसे आपोआप उगवतात.

खरे म्हणजे आपल्या थोर मंडळींना असे कधीच वाटले नव्हते. नामदार गोखल्यांनी १२ जून १९०५ ला भारत सेवक समाज काढला तेव्हा येणाऱ्याला पाच वर्षांची उमेदवारी आणि सात शपथा लावल्या. कोण येणार, काय शिकणार, पूर्ण सभासद केव्हा होणार, सगळे आधीच लिहिलेले. त्यापूर्वी डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सभासदांनी बाहेरचे उत्पन्न घ्यावे की नाही यावरून केवढे वादळ झाले आणि १८९० मध्ये टिळक कसे बाहेर पडले, हे गोखल्यांनी आतून पाहिलेले होते. धोंडो केशव कर्व्यांचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. आश्रमासाठी ते दारोदार वर्गणी मागत हिंडले हे सर्वांना माहीत आहे. पण १९०८ मध्ये त्यांनी निष्काम कर्ममठ काढला तो पैशासाठी नव्हे, माणसांसाठी. आपल्यानंतर हे ओझे कोण उचलणार, हा प्रश्न त्यांनी पन्नाशीत स्वतःला विचारला. आमच्यात तो सत्तरीनंतर, तोही दवाखान्यात सुचतो.

आणि लांब कशाला जा? धुळ्यातलेच घ्या. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले आणि पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९२७ मध्ये, भास्कर वामन भट यांच्यासारख्या वकिलाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजवाडे संशोधन मंडळ उभे केले. कागदांची दफ्तरे बेवारस पडली नाहीत. माणसे आधीपासून भोवती होती म्हणूनच हे इतक्या लवकर झाले. एका माणसाच्या मृत्यूनंतर महिनाभरात संस्था उभी राहते, आणि आमच्या एका अध्यक्षाच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांत वीजबिल भरता येत नाही!

असो. भाचीने मला मोठे सॉफ्टवेअर घेऊ दिले नाही. म्हणाली, "मामा, तुमच्या वाचनालयाला विमान कशाला? एक्सेलचा तक्ता पुरे." रविवारी फोनवरून तिने तो मांडून दिला. मी त्यात दोन रकाने आपले घातले, जे अमेरिकेतल्या वहीत नसणार: संमतिपत्र मिळाले का, आणि बदल अर्जाचा क्रमांक.

मग तात्या आणि मी तीन संध्याकाळी बसलो. ते सांगत गेले, मी टिपत गेलो. एकतीस नावे झाली. तात्या स्वतःच चकित. "एवढी माणसं आहेत का आपल्या ओळखीची?" कोणी निवृत्त मुख्याध्यापक, कोणी दोंडाईच्याला दुकान असलेले, कोणी कृषी खात्यातून परतलेले, कोणी बांधकामातले.

इथे मला माझी नोकरी आठवली. कर्ज देण्यापूर्वी आम्ही माणसाविषयी बाजारात गुपचूप चौकशी करून अहवाल लिहायचो. व्यवहाराला कसा, शब्दाला कसा, घरी काही भानगड आहे का. शाखेच्या कपाटात कुलपाखाली ते ठेवलेले असत. तेव्हा मी कादंबरीही लिहीत असे आणि वरिष्ठांनी मला एकदा बोलावून सांगितले होते, "अहवालात माणूस रंगवू नका, जेवढं सिद्ध करता येईल तेवढंच लिहा." तो उपदेश तक्ता भरताना पुन्हा कामी आला. तात्या उत्साहाने सांगू लागले की अमक्याचे भावाशी पटत नाही, तमक्याची सून माहेरी गेली आहे. मी लेखणी खाली ठेवली. म्हटले, तात्या, हे कादंबरीला चालेल, तक्त्याला नाही. ज्याच्याविषयी लिहितो तो उद्या शेजारी बसून हा तक्ता उघडणार आहे. त्याला दाखवता येणार नाही असा शब्द त्यात नको. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला, पण त्याच्याही आधी साधी रीत आहेच की. 'सध्या घरच्या अडचणीमुळे नाही. दिवाळीनंतर विचारावे' एवढे पुरते. अडचण कोणती, हे लिहायचे कारण नाही.

तिसऱ्या संध्याकाळी तक्ता पुरा झाला आणि मी तो वरपासून खालपर्यंत वाचला. एकतीस नावे. त्यांतली सव्वीस दोन गल्ल्यांतली. आडनावे म्हणाल तर पाच-सहाच, फिरून फिरून तीच. बाई एक, तीही माजी अध्यक्षांच्या पत्नी. चाळिशीच्या आतले कोणी नाही. भिल्ल वस्तीतून येऊन अभ्यासिकेत शिकून नोकरीला लागलेली पोरे आहेत, त्यातले एकही नाव नाही. आणि ही यादी कोणा दुष्टाने केलेली नव्हती. केली होती तात्यांसारख्या सरळ माणसाने आणि माझ्यासारख्या स्वतःला पुरोगामी समजणाऱ्या लेखकाने. आम्ही आठवणीतून माणसे काढली आणि आठवण आमच्याच ओट्यावरून दिसते तेवढेच दाखवत होती. बावीस वर्षे हेच चालले होते, पण कागदावर एकाखाली एक नावे आली नव्हती म्हणून दिसले नव्हते.

तात्या बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "वरचं काम तर खरं ती पोरगीच करते."

ती पोरगी म्हणजे चौकात ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे दुकान चालवणारी एक तिशीतली बाई. याच अभ्यासिकेत बसून तिने पदवी घेतली. पोरांचे परीक्षेचे अर्ज ती भरते, ग्रंथालयाच्या अनुदानाची माहिती संगणकावर चढवायची असली की ग्रंथपाल तिच्याकडेच पळतात. सगळ्या गावाला कागद कुठे अडतो हे तिला ठाऊक. तिचे नाव आमच्या एकतिसांत नव्हते. बत्तिसावे लिहिले.

विचारायला मी आणि तात्या दोघे तिच्या घरी गेलो, पंगतीत नाही. वाचनालयाची घटना, मागच्या वर्षाचा हिशेब आणि अडलेल्या अर्जांची यादी बरोबर नेली. विश्वस्त होणे म्हणजे हारतुरे नव्हेत, हिशेबात घोळ झाला तर जबाबदारी अंगावर येते, हेही सांगितले. ते न सांगता माणसाला खुर्चीत बसवणे म्हणजे जामीनदाराची सही कोऱ्या कागदावर घेणे. तिने सगळे कागद वाचले, दोन ठिकाणी आमच्या चुका दाखवल्या, आणि नाही म्हणाली.

"काका, सभा रात्री आठला असते तुमची. तेव्हा माझ्या घरी स्वयंपाक आणि मुलाचा अभ्यास. मी येऊन करू काय?"

घरी आलो आणि तक्त्यात नकाराचे कारण लिहिले: सभेची वेळ. लिहिल्यावर त्याच्याकडे पाहत राहिलो. सभा आठला का? कारण १९७० च्या सुमारास जे वकील अध्यक्ष होते ते कोर्टाचे काम आटोपून, जेवून यायचे. ते जाऊनही किती वर्षे झाली. त्यांची जेवणाची वेळ मात्र आम्ही घटनेतल्या कलमासारखी पाळत होतो. मग मागच्या सगळ्या नकारांची कारणे तात्यांना आठवून सांगायला लावली. तिघांची अडचण वेळेचीच निघाली, एकाची जिन्याची. पैशाची किंवा मोबाइलची एकाचीही नाही.

आता सभा रविवारी दुपारी चारला, खालच्या वाचन दालनात भरते. गुडघेवाले विश्वस्तही पुन्हा येऊ लागले आहेत आणि बरेच बोलतात; इतके बोलतात की आम्हांला जिन्याची आठवण येते. त्या बाईंकडे आम्ही वेळ बदलल्यावर दुसऱ्यांदा गेलो. त्यांनी एक महिना नुसते बसून पाहीन म्हटले, पाहिले, आणि संमतिपत्रावर सही केली. अभ्यासिकेतून शिकून आता दोंडाईच्याला वकिली करणारा एक मुलगाही आला. त्याने मागचे दोन्ही बदल अर्ज दाखल करून घेतले आहेत. सुनावणीची तारीख लागते, पुढची पडते. पगाराचा प्रश्न बँकेशी पत्रव्यवहार करून, सुरतेच्या कोषाध्यक्षांना दोनदा गाडीने आणून, ठरावाच्या प्रमाणित नकला देऊन सध्यापुरता सुटला आहे. ते कोरे सह्या केलेले चेकबुक मी स्वतः फाडून तुकडे बँकेत जमा केले.

सगळेच गोड झाले असे नाही. एका गृहस्थांना, आपले नाव तक्त्यात अकराव्या क्रमांकावर आहे हे कळले. ते नाराज होऊन मला म्हणाले, "म्हणजे माझ्याआधी दहा जण?" यादी अकारविल्हे आहे हे पटवायला मला अर्धा तास लागला, आणि पटले असे मला अजूनही वाटत नाही. यापुढे कागद छापायचा नाही असे ठरले आहे.

तात्यांना मोबाइलवर तक्ता उघडता येत नाही. ते जुन्या रोजनिशीत लिहितात आणि शनिवारी ती बाई ते संगणकावर चढवते. परवा तिने मला विचारले, "काका, तुमची मुदत कधी लिहू?" मीही आता सल्लागार म्हणून बसतो ना. मी म्हटले, लिहू नकोस, मी काय कायमचा आहे थोडाच. तिने माझ्याकडे नुसते पाहिले आणि २०२८ चा मार्च लिहिला. शेजारच्या रकान्यात, 'यांच्या जागी कोण' या मथळ्याखाली, सध्या काही नाही. सहा महिने आधी आठवण येईल असे तिने लावून ठेवले आहे.